नोलारीची शेळी कुणाची?

शाळेच्या नव्या खोलीसाठी हरांबे ठरली, म्हणजे गावाने मिळून पैसे उभे करायचे. ज्याने त्याने जमेल ते आणायचं आणि तिथेच त्याचा लिलाव व्हायचा. नोलारीने आपली तांबड्या कानांची शेळी द्यायचं ठरवलं. गुरंढोरं सगळी नवऱ्याची, पण ही शेळी तिची स्वतःची होती. नात रेसियातो बाभळीखाली बसून शिकायची. वारा सुटला की फळ्यावरची अक्षरं धुळीत जायची, हे नोलारीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुख्याध्यापक कोइकाई गुरुजींनी कर्ण्यावरून बोली पुकारली. दुकानदाराने शेळी घेतली. नोलारीने तोंड फिरवलं. तेवढ्यात दुकानदार ओरडला, "शाळेला परत!" टाळ्या पडल्या आणि पुन्हा बोली सुरू झाली. मग मणीकाम करणाऱ्या बायकांनी मिळून ती घेतली. त्यांनीही परत केली. शेवटी नारोक शहराहून आलेल्या कंत्राटदाराने सगळ्यांत मोठी बोली लावली, दावं हातात घेतलं आणि सरळ नोलारीसमोर येऊन उभा राहिला.

"ही माझ्याकडून आजीला भेट!"

बायकांनी गाणंच धरलं. कुणीतरी फोटो काढला. नोलारी दावं धरून बघत राहिली.

घरी सवत सेनेवा दारातच हसायला लागली. "द्यायला गेली होतीस ना गं? घेऊन आलीस!"

"दिली मी."

"मग ही कोण, हिची बहीण?"

नोलारीने शेळी बांधली. सकाळी उठून ती शेळीसकट शाळेत गेली. पोरांनी नमस्कारासाठी डोकी पुढे केली, तिने एकेकाच्या डोक्याला हात लावला आणि दावं खांबाला बांधलं.

"आजी, काल तुमच्या शेळीने सगळ्यांत जास्त पैसे आणले," गुरुजी खुशीत म्हणाले. "यादीत तुमचं नाव पहिलं आहे."

"पण शेळी माझ्याकडेच आहे."

"तीच तर गंमत!"

"कसली गंमत? दुकानदाराने पैसे दिले, त्याला शेळी नाही. बायकांनी दिले, त्यांना नाही. मला शेळी आहे, आणि मी काहीच दिलं नाही. नाव खोडा माझं."

गुरुजींनी यादी पुन्हा पाहिली. "आजी, ते... म्हणजे तुम्ही दिलीत म्हणूनच..." त्यांनी शेळीकडे बोट दाखवलं. "आणि हिला इथे ठेवू कुठे? रात्री तरस येतात. न्या बाई घरी."

घरी नवऱ्याने बजावलं, "पाहुण्याने दिलेली भेट परत करायची नसते. विकायचीही नसते." म्हणजे शेळी आता तिची होती, पण पूर्वीसारखी नव्हती. दूध काढतानाही तिला वाटायचं, आपण दुसऱ्याच कुणाची शेळी पिळतोय.

खोलीचं काम सुरू झालं, तेव्हा तिला मार्ग दिसला. सिमेंटला पाणी लागत होतं आणि नदी लांब होती. रोज पहाटे ती गाढवावर डबे लादून पाणी आणू लागली. पाठ धरली, टाचा फुटल्या. पण सेनेवाच्या टोमण्यांचं तिला काही वाटेना. ओतलेलं पाणी कुणी परत हातात ठेवणार नव्हतं.

छपराचे पत्रे चढले त्या दिवशी गुरुजींनी तिला बोलावलं आणि एक पाकीट पुढे केलं.

"हे काय?"

"मजुरी, आजी. बाहेरून देणगी देणाऱ्यांचा नियम आहे, काम करणाऱ्या प्रत्येकाला पैसे द्यायचेच. मला तसं लिहून द्यावं लागतं."

नोलारी कोऱ्या भिंतीला टेकून खाली बसली. पाकीट घ्यावं की न घ्यावं, तिला कळेना. आत मुलं नवी बाकं ओढत होती, त्यांत रेसियातोचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुम्ही शिकलेले आहात. मला एवढंच सांगा, तुमच्या शाळेला काही द्यायचं असेल तर द्यायचं तरी कसं?"

कोइकाई गुरुजी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी खाली ठेवलेलं पाकीट दोघांच्या मध्ये तसंच पडून राहिलं.