राखणबाबाचा शेंदूर

पावणं, चपला तिकडं काढा, न्हाईतर पुजारी वरडंल. पर मी सांगते, त्यो देव न्हाई. त्यो माझा नवरा हाय. हसा, हसा. समदं मढ गाव हसतं.

सत्त्याण्णव साली पुण्याच्या एका बाईंनी ह्यो डोंगरउतार घेतला. झाडं लावली, दगडी पायवाटा काढल्या, आन वाटंच्या वळणावळणावर एकेक शिल्प बसवलं. पार सिमेंटात रोवलेलं, पुन्हा हलवायचं न्हाई म्हनून. मी तितं झाडांना पानी घालायला व्हते, आमचं मालक गडीकामाला. दगड घडवनाऱ्या भाऊंनी त्यांना भातखाचराच्या बांधावर उकिडवं बसलेलं बघितलं आन म्हनले, "असंच बसा." आठ दिस बसले बिचारे. मी म्हनायची, "फुकटचं बसायला बरं जमतंय!"

दगड तयार झाला तवा मी नाक मुरडलं. त्याला नाक न्हाई, डोळं न्हाईत. पर पाठीचा बाक बघितला आन त्यावर हात फिरवला. बाक त्यांचाच व्हता.

दुसऱ्या वर्सी मालक तापानं गेले. पोरबाळ न्हाई, घरात त्यांचा एक फोटू बी न्हाई. मग रोज पानी घालून झालं की मी त्या दगडापाशी टेकायची. भांडायची बी. "मला एकलीला टाकून हितं बसलाय व्हय?" लई बरं वाटायचं. घरी कुनाशी बोलनार?

पर गुराख्यांनी काय करावं? मालकांच्या दगडी गुडघ्यावर कोयतं पाजवाया लागले! शिव्या घातल्या, काठी उगारली, मेले दात काढायचे. वाचमन कुंडलिक म्हनला, "मावशे, दगूड हाय, त्याला काय दुखतंय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मला अक्कल सुचली. शेंदूर लावलेल्या दगडावर आमच्यात कोन कोयता घासंल? अवसंला शेंदूर तेलात कालवला आन डोक्यापासनं गुडघ्यापत्तुर फासला. कोयतं बंद! मनात म्हनले, सोनीबाई, जितलीस.

कशाचं जितनं! पंधरा दिसांत कुनीतरी नारळ फोडला. कुनाची तरी हरवलेली म्हस सापडली, झालं, राखणबाबा नवसाला पावला. पुण्याच्या बाई लई चिडल्या, शेंदूर खरवडायला मानसं लावली, पर एक बी गडी हात लावंना. मग वर पत्रा आला, घंटा आली, पुजारी आला. मी टेकाया गेले तर मलाच म्हनतो, "पांढऱ्या कपाळाच्या बाईनं शिवू नये. लांबनं पाया पड."

अरं मुडद्या, माझ्या हातानं लावलाय त्यो शेंदूर! पर ऐकतंय कोन?

गेल्या मंगळवारी मी बी रांगंत हुबी ऱ्हायले. म्होरं गेले तवा पुजारी म्हनला, "बाबाचं नाव घे आन मागनं माग." मी जल्मात नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. आमच्यात बायका मारतच न्हाईत. त्या दिशी समद्यांच्या देखत वरडले, "सोमाजी, उठा! घरला चला!"

मागली बाई म्हनली, "म्हातारीला देवाचं नाव बी ठावं न्हाई." मला बाजूला सारून तिनं नारळ म्होरं केला.