नऊ नंबरचे अठरा श्वास

बुधवारी दुपारी तीनला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली फिजिओथेरपीच्या खोलीत चटया टाकून बसत. वॉर्डातला ताण झेलायला शिकावं म्हणून कॉलेजने हा तास नव्याने सुरू केला होता. शिकवणाऱ्या बाईंचं नाव वेळापत्रकात होतं, पण मुली त्यांना श्वासाच्या बाई म्हणत. या तासाला घोरलं तर हजेरी दुप्पट लागते, अशी थट्टाही चाले.

डोळे मिटायचे. श्वास आहे तसा येऊ-जाऊ द्यायचा आणि मोजायचा. दहा झाले की पुन्हा एकपासून. बाकीच्यांना ते जमत होतं. एकीला मात्र दहावर थांबता येत नसे. ती अकरा, बारा करत अठरापर्यंत जाई आणि खाडकन डोळे उघडी. समोर मिटल्या डोळ्यांचे चौदा चेहरे असत. ती वर्गात सगळ्यात उंच, म्हणून तिला बांबू म्हणत.

तासाच्या शेवटी दोघी-दोघींनी एकमेकींचे तळवे चोळून द्यायचे. बांबूची खोलीतली मैत्रीण शिक्षण अर्धवट सोडून घरी गेली, तेव्हापासून मुली पंधरा उरल्या होत्या. बांबू आपल्याच उजव्या हाताने डावा तळवा चोळत बसे. होस्टेलवर मैत्रिणीच्या रिकाम्या पलंगावर ती स्वतःचे धुतलेले युनिफॉर्म पसरून ठेवी. खोली तेवढीच भरल्यासारखी वाटे.

अठराचं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. रोग्याचे श्वास मोजायचे तर मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि छातीकडे लक्ष ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. रोग्याला कळलं तर त्याचा श्वास बदलतो. पण बावीस पलंगांना बावीस मिनिटं आणायची कुठून? वरच्या वर्गातल्या मुलींनी हळूच कानात सांगून ठेवलं होतं, माणूस बरा दिसला की निरोगी माणसाचा आकडा, अठरा, लिहून मोकळी हो. सगळ्याच लिहीत.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी तिने नऊ नंबरच्या आजोबांचं मनगट धरलं, तेव्हा ते म्हणाले होते, "पोरी, एवढं घट्ट धरू नकोस. माझी नाडी कुठे पळून जात नाही." ती हसली, अठरा लिहिलं आणि दहा नंबरकडे गेली. अकरा वाजता आजोबांना धाप लागली. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. तिला कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. जेवलीस का, असं आईने विचारलं आणि तिने न जेवताच जेवले म्हणून सांगितलं. तेव्हापासून रोज तेच चाललं होतं.

मग तिने कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहिला. शुक्रवारी द्यायचा होता. तोवर तो एप्रनच्या खिशात होता, आणि रोज काढ-घाल करून घड्यांवर विरत चालला होता.

त्या बुधवारी श्वासाच्या बाई स्वतःच तिच्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. हात लाकडासारखा ताठ होता. आज कुठपर्यंत मोजलंस, असं त्यांनी विचारलं. अठरा, ती म्हणाली. बाई तळवा चोळत राहिल्या. मुली चटया गुंडाळून निघून गेल्या, तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"हे मला सांगून भागायचं नाही," बाई म्हणाल्या. "मोठ्या सिस्टरना सांग. मी दारापर्यंत येते."

दारापर्यंतच आल्या.

मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डातली तोफ. पण त्यांनी मध्येच न तोडता सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"त्या कागदावर तुझ्या अठराच्या खाली माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "बावीसच्या बावीस अठरा. माझ्या डोळ्यांना दिसायला हवं होतं."

"मी मोजले असते तर आजोबा वाचले असते?"

"माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून 'नसते वाचले' असं सांगणार नाही, आणि 'वाचले असते' म्हणायलाही माझ्याकडे आधार नाही. हे ओझं तुलाही वागवावं लागेल, मलाही." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "उद्या दोघी मिळून वरिष्ठांना लेखी कळवू. जे व्हायचं ते होईल. आता चारची फेरी कर. आणि खिशातून तो अर्ज डोकावतोय, तो आत ढकल. पडला तर झाडूवाल्या मावशी आधी वाचतील."

नऊ नंबरवर आता एक शिंपी होता, भिंतीकडे तोंड करून पडलेला. बांबूने त्याचं मनगट हलक्या हाताने धरलं. एक मिनिट फार मोठं असतं. कोपऱ्यातला नळ गळत होता, कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मध्ये एकदा आजोबा आठवले आणि आकडा हातून सुटला. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. सव्वीस भरले. तिने सव्वीस लिहिलं आणि सिस्टरना सांगायला गेली. सिस्टर लगेच उठून आल्या.

फेरीला तासाच्या वर वेळ गेला. चहा बुडाला. इतर मुली केव्हाच होस्टेलवर गेल्या होत्या.

खोलीत येऊन तिने अर्ज रिकाम्या पलंगावर, युनिफॉर्मच्या घडीखाली सरकवला. शुक्रवारी तो तिथेच राहिला आणि वरचा युनिफॉर्म तेवढा ड्यूटीवर गेला. पण ते शुक्रवारी. बुधवारी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा ती चपलाही न काढता बसून होती. आईने नेहमीचंच विचारलं.

"नाही जेवले," ती म्हणाली.

पलीकडे आईने कशाखालचा तरी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.