खडकसांगवीला उशिरा पोचलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. माझं वय मात्र विचारू नका, ते मला एका आकड्यात सांगता येत नाही. माझा सांगाडा एका जीपचा आहे, तुमच्या आजोबांच्या तरुणपणीचा. इंजिन मॅटाडोरचं आहे, आयुष्यभर भाजीपाला वाहून थकलेलं. स्टिअरिंग अॅम्बॅसिडरचं आणि मागची मोठी चाकं ट्रॉलीची. बॉनेट मला नाहीच, त्यामुळे समोरून येणाऱ्याला आधी माझं उघडं इंजिन दिसतं. परदेशात अशा घरी बांधलेल्या गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात, असं मी पुढे ऐकलं. इथे लोहा गावात मला सगळे ‘मिस्त्रींची गाडी’ म्हणतात.

मिस्त्री म्हणजे ताहेरमियाँ. लोह्यात त्यांचं डेंटिंगचं दुकान आहे. चेपलेल्या पत्र्यावरून नुसता तळवा फिरवून ते खड्डा किती खोल आहे ते सांगतात. त्यांच्या बायकोचं नाव शकिला. घरात दोघं दखनी उर्दूत बोलतात. मी तुम्हाला त्यांचं बोलणं इथल्या मराठीत सांगते आहे.

शकिलाची धाकटी बहीण सबिहा खडकसांगवीला मुलाजवळ राहायची. अर्धांगवायूनं तिची डावी बाजू गेली होती, त्यामुळे तिला कुठे जाता येत नव्हतं. शकिलाच दर महिन्याला तिच्याकडे जाई. बस फाट्यावर सोडायची आणि पुढचे चार किलोमीटर पायी जावे लागायचे. एका संध्याकाळी शकिला परत आली ती उंबऱ्यावरच बसली. तिचे गुडघे सुजले होते.

“आता माझ्यानं न्हाई होत,” ती म्हणाली. “सबिहाला सांगून टाकते, आता फोनवरच भेटायचं.”

ताहेरमियाँ हात पुसत बाहेर आले. “तू चालू नको. मी गाडी करतो.”

“गाडी घेणार तुम्ही?”

“घेणार न्हाई. करणार.”

मित्रांनो, माझा जन्म या शब्दांत झाला. मी कशासाठी जन्मले, ते तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण पुढे आम्ही ते विसरलो.

माझा सांगाडा खडकसांगवीच्या श्रीमंतरावांच्या शेतात लिंबाखाली पडून होता. श्रीमंतराव शेतकरी, सबिहाचे शेजारी. त्या जीपमध्ये त्यांच्या कोंबड्या अंडी घालायच्या. “घेऊन जा मिस्त्री,” ते म्हणाले, “कोंबड्यांला दुसरी जागा लई हाय.”

त्यानंतर दोन वर्षं ताहेरमियाँ दुकान बंद करून आले की अंगणात माझ्याजवळ बसत. नांदेडच्या भंगारबाजारातून एकेक भाग येई. कुणी तो फेकलेला असे, कुणी गंजू दिलेला असे. ते त्याला रॉकेलनं धूत, घासत, उजेडात धरून पाहत आणि माझ्या अंगात बसवत. शकिलानं माझ्या गाद्या शिवल्या. शिवताना ती फोन बाजूला उघडा ठेवून बहिणीशी बोले. सबिहाची जीभ जरा जड झाली होती, तरी ती सावकाश विचारायची, “आपा, तुझी गाडी कधी यायची?”

“येतीच आता. चाकं बसली,” शकिला सांगायची.

तिसऱ्या वर्षी माझं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आधी नुसता धूर आला. मग मी खोकले, थरथरले आणि एकदम लयीत चालू लागले. शकिलाने दोन्ही हातांनी कान झाकले होते आणि ती हसत होती. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मोठ्या रस्त्यावर धावायचा परवाना मला नाही. पण लोह्याच्या मागून खडकसांगवीपर्यंत एक कच्चा रस्ता जातो. अंतर फक्त अकरा किलोमीटर. पाऊस पडला की काळ्या मातीत तिथे ऑटो येत नाही, दुचाकी घसरते. माझी मागची चाकं मुद्दाम त्यासाठीच मोठी घेतली होती. “एकदा मी रस्ता बघून येतो,” ताहेरमियाँ शकिलाला म्हणाले, “मग शुक्रवारी तुला नेतो.”

आम्ही निघालो. मी छान चालत होते. निम्म्या वाटेवर ओढा आहे, तोही मी सहज ओलांडला. पलीकडे बाभळीखाली काही माणसं बसली होती. त्यांतला एक जण म्हणाला, “मिस्त्री, हे भंगार कुठं विकायला काढलं?” बाकीचे हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ताहेरमियाँचा चेहरा उतरला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चकचकीत करून दिल्या होत्या आणि स्वतःची गाडी गंजलेल्या, रंगीबेरंगी पत्र्याची होती. त्यांनी मला तिथूनच परत फिरवलं. खडकसांगवी फक्त पाच किलोमीटर राहिली होती.

घरी आल्यावर शकिलाने विचारलं, “चालली का नीट?”

“चालली. पण अशी न्हाई नेणार तुला. रंग होऊ दे.”

रंग झाला, गर्द लाल. सात हात दिले आणि प्रत्येक हातानंतर घासकाम केलं. मग दरवाजे जुळत नाहीत म्हणून ते काढून पुन्हा बसवले. मग धुराची नळी बाहेरून वळवून घेतली. अशी दोन वर्षं गेली; शकिला बहिणीला फोनवरच भेटत राहिली. श्रीमंतराव बाजाराला आले की दुकानात डोकावत. एकदा ते माझ्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाले, “मिस्त्री, एक सांगा. ही पळती का न्हाई?”

“पळती की.”

“मग न्या की भाभीला. सबिहाबाई रोज इचारून राहिली.”

“या दिवाळीपर्यंत सगळं करून टाकतो, श्रीमंतराव. मग दिमाखात जाऊ.”

श्रीमंतरावांनी मडगार्डवरचा हात काढला आणि ते बाजाराकडे वळले.

मला पाहायला लोक येऊ लागले होते. पोरं माझ्यासोबत फोटो काढत. लातूरला जुन्या आणि घडवलेल्या गाड्यांचा मेळावा भरला, तिथे मला नेलं. अकरा किलोमीटर न गेलेली मी जवळजवळ शंभर किलोमीटर ट्रकच्या पाठीवर बसून गेले. तिथे ताहेरमियाँना ढाल मिळाली, टाळ्या मिळाल्या. एक पाहुणे म्हणाले, “हा कारागीर नाही, कलावंत आहे.” ताहेरमियाँचे डोळे भरून आले.

मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मलाही ते सगळं आवडलं. ज्या भागांना लोकांनी फेकून दिलं होतं, त्यांच्याकडे आता लोक वाकून बघत होते. रात्री माझ्या अंगावर मऊ चादर टाकली जाई. शकिला अंगणातून जाताना तिची ओढणी मला लागली, तर ताहेरमियाँ म्हणत, “जपून, डाग पडंल.” ती बाजूने जाऊ लागली. माझ्या गाद्या तिनेच शिवल्या होत्या, पण त्यांवर ती एकदाही बसली नव्हती.

मागच्या श्रावणात नांदेडला मोठा मेळावा व्हायचा होता. त्यासाठी ताहेरमियाँनी माझं इंजिन उतरवलं. प्रत्येक झाकण त्यांना आरशासारखं करून घ्यायचं होतं. झाकणं हैदराबादला पाठवली. मी अंगणात रिकाम्या पोटाने उभी होते.

अशात एका सकाळी श्रीमंतरावांचा फोन आला. सबिहाची तब्येत फार बिघडली होती. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच, आता घरीच सेवा करा, असं सांगितलं होतं. “भाभीला घेऊन लगोलग निघा,” श्रीमंतराव म्हणाले, “आपा आपा करून राहिली.”

शकिला चप्पल घालून अंगणात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. इंजिनाच्या जागी तिला नुसती मोकळी जागा दिसली. ताहेरमियाँ ऑटोस्टँडवर धावले. चार दिवसांच्या पावसाने रस्ता चिखल झालेला, कुणी ऑटोवाला यायला तयार झाला नाही. शेवटी दोघं बसने गेले.

पुढचं मी पाहिलं नाही. नंतर श्रीमंतराव आमच्या अंगणात बसून ताहेरमियाँशी बोलत होते, तेव्हा ऐकलं. ते बैलगाडी घेऊन फाट्यावर थांबले होते. बस उशिरा आली. चिखलात बैल हळू चालत होते. शकिला दारात पोचली, त्याच्या वीस मिनिटं आधी सबिहा गेली होती.

“मिस्त्री, सांगू नको वाटतं,” श्रीमंतराव म्हणाले, “पर दर शुक्रवारी ती सुनंला बाज दारात टाकायला लावायची. रस्त्याकडं तोंड करून. लाल गाडी यायची हाय म्हणायची.”

ताहेरमियाँ मान खाली घालून बसले. “तिला लाल म्हणून कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“भाभीनंच. फोनवर.”

महिनाभर ताहेरमियाँनी मला हात लावला नाही. मग एके दिवशी ते उठले आणि भंगारातून मिळतील ती जुनी झाकणं लावून चार दिवसांत इंजिन बसवलं. नांदेडचा मेळावा कधीच होऊन गेला होता. सबिहाला जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याच्या दिवशी सकाळी त्यांनी मला दारात उभं केलं, दरवाजा उघडला आणि शकिलाला हाक मारली. “चल. आपल्या गाडीनं जाऊ.”

शकिलाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. “आता कुणाला दाखवायची?” ती म्हणाली आणि पिशवी घेऊन बसस्टँडकडे चालू लागली.

त्या दिवशी ताहेरमियाँ माझ्यासोबत एकटेच गेले. ओढा लागला, बाभळी लागल्या. खडकसांगवी आली तेव्हा पाऊण तासही झाला नव्हता. सबिहाच्या दारासमोर मी थांबले. मला पाहायला कुणी बाहेर आलं नाही.

तेव्हापासून मी रोज चालते. श्रीमंतरावांच्या आई केवळाबाई आणि गावातली आणखी तीनचार म्हातारी माणसं यांना बाजाराच्या दिवशी मी लोह्याच्या कडेपर्यंत आणते आणि परत सोडते. माझ्यात मेथीच्या जुड्या बसतात, कधी एखादी शेळी बसते. लाल रंगावर बाभळीच्या काट्यांचे ओरखडे आहेत. परवा केवळाबाई म्हणाल्या, “मिस्त्री, तुझी गाडी खराब करून राहिलो आम्ही.” ताहेरमियाँ म्हणाले, “होऊ द्या, काकू. त्यासाठीच हाय.” हे त्यांनी चार वर्षं आधी म्हणायला हवं होतं. आणि मलाही तेव्हा ओढ्यापलीकडून परत फिरल्याची लाज वाटायला हवी होती, टाळ्यांचा आनंद नव्हे.

शकिला अजून माझ्यात बसलेली नाही. परवा फाटलेली एक गादी मात्र तिने काढून नेली आणि शिवून परत लावून दिली.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असं माझी जातभाई यंत्रं तुम्हाला नेहमी सांगतात. तेल घाला, पाणी बघा, गंज चढू देऊ नका. ते खरंच आहे. पण तुमच्या घरी एखादी वस्तू कुणासाठी म्हणून आणली असेल, तर आधी तिला त्या माणसापर्यंत पोचू द्या. ओरखड्यांनी आम्हाला दुखत नाही. आम्ही दिसायला कशाही असलो तरी वाट पाहणाऱ्याला चालतो.

आज बाजार आहे. ताहेरमियाँ माझ्या रेडिएटरमध्ये पाणी ओतत आहेत, आणि केवळाबाई तिकडे पारावर येऊन बसल्या असतील. मला आता निघायला हवं.