उपयुक्त आयुष्य: पाच वर्षे

माझा भाऊ बँकेसाठी यंत्रांची किंमत ठरवतो. छापखान्याचं यंत्र असो की बर्फाच्या कारखान्याचं, हा जातो, चाकं फिरवून बघतो आणि छापील तक्ता भरतो: एकूण खर्च, वर्षाची कमाई, उपयुक्त आयुष्य आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना आजवर एकदाही कोरा सोडला नाही, याचा त्याला कोण अभिमान. माझी त्याला काही हरकत नव्हती. पण त्याने माझ्या मुलीलाही त्याच तक्त्यात बसवलं.

मुलीला राज्यशास्त्र शिकायचं होतं. प्रवेश मिळाला होता, फी शुक्रवारपर्यंत भरायची होती. पैसेही होते. वडिलांचं घर विकून आलेला माझा वाटा त्याच्याच बँकेत ठेवला, तेव्हा मला व्यवहार कळत नाही म्हणून भावाने खात्यावर आपलंही नाव घातलं, आणि पैसे काढायला दोघांची सही लागेल असं करून टाकलं. मीही तेव्हा नंदीबैलासारखी मान डोलावली. आता स्वतःच्याच पैशासाठी बुधवारी संध्याकाळी मी लेकीला घेऊन त्याच्या दारात उभी. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. फोनवर म्हणाला, दादा म्हणतील तसं करा. याला विचारणं आणि भिंतीला विचारणं सारखंच.

भावाने चहा पाजला आणि तक्ता पुढे सरकवला. फी, वसतिगृह, पुस्तकं, शिवाय ती तीन वर्षं एखाद्या दुकानात बसली असती तर मिळाला असता तो पगार, असा सगळा मिळून खर्च सहा लाख. पुढे कुठल्यातरी कचेरीत चिकटलीच, तर पोटापाण्याचं जाऊन वर्षाला लाखभर शिल्लक. उपयुक्त आयुष्य, पाच वर्षे. म्हणजे लाखाचा तोटा. भावना बाजूला ठेव आणि आकडे बघ, असं मला वर समजावलं.

मी आकडेच बघत होते. रुग्णालयाच्या शिलाई खोलीत माझी सव्वीस वर्षं गेली. चादर मधे विरली की मी ती उभी फाडते, धडधाकट कडा आत घेऊन जोडते, आणि ती आणखी दोन वर्षं निघते. काय किती टिकेल, हे माझ्या बोटांना कळतं. हे पाच काही पटेना.

"पाचच का?" मी विचारलं.

"एकविसाव्या वर्षी कमवायला लागेल, सव्विसाव्या वर्षी लग्न. पुढची कमाई त्या घरची. ती आपल्या हिशेबात कशी धरायची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांपूर्वी याने स्वतःच्या मुलाचं इंजिनिअरिंग याच तक्त्यात मांडून आल्यागेल्याला दाखवलं होतं. तिथे आयुष्य साठीपर्यंत. माझा भाचा काय बिनलग्नाचा राहणार होता? आणि मी स्वतः? बाविसाव्या वर्षी सासरी गेले. त्यानंतर वडील सात वर्षं अंथरुणाला खिळले, त्यांची औषधं माझ्या पगारातून आली. हा तेव्हा बँकेच्या परीक्षा देत होता, आणि त्या परीक्षांची फीसुद्धा मीच भरली. ती कमाई कुठल्या घरची होती, असं मी त्याला सरळ विचारलं. ते वेगळं होतं, म्हणाला.

मी त्याच्याच पेनने पाच खोडलं आणि एकविसापासून साठीपर्यंतची एकोणचाळीस लिहिली. लेकीने तोंडी हिशेब केला. तेहेतीस लाखांचा नफा. भावाने मी आणलेला पैसे काढायचा अर्ज ओढला, पेन टेकवलं आणि थांबला.

"पण राज्यशास्त्रच कशाला? आधीच ही उलट बोलते. ते शिकून आली की हिच्याशी संसार कोण करेल?"

म्हणजे आकड्यांचा प्रश्न कधी नव्हताच. तोटा निघाला तरी नाही, नफा निघाला तरी नाही, आणि अर्धा तास आम्ही दोघी मूर्खासारख्या बेरजा तपासत बसलो होतो. मी तक्ता त्याच्याकडे फिरवला आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"आत्ता बोललास ते इथे लिही. जसंच्या तसं. खाली सही कर. हा कागद मी उद्या तुझ्या साहेबांना दाखवते आणि खातं वेगळं करून मागते."

गंजलेल्या यंत्रावर चार-चार ओळी खरडणारा माणूस, पण त्याला एक शब्द लिहवेना. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. भाचीकडे एकदा बघितलं. मग रकाना तसाच कोरा ठेवून अर्जावर सही केली आणि अर्ज माझ्याकडे न बघता ढकलला.

मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. उठता उठता तोंडातून निघून गेलं, "उपकार झाले, दादा."

जिन्यात लेक दोन पायऱ्या पुढे होती. ती वळून म्हणाली, "आई, पैसे तुझेच होते ना? मग उपकार कसले?"

भावावरचा राग खाली रस्त्यावर येईपर्यंत बराच ओसरला. स्वतःवरचा अजून ओसरलेला नाही.