चारशे दहा

ताई त्याला अजून बंड्या म्हणायची. पन्नाशी उलटली तरी आयुष्यात एकही बंड त्याच्या हातून झालं नव्हतं. ऑफिसात सगळे त्याला काका म्हणत, तेही वयापेक्षा या मऊपणामुळेच असावं.

लोकांच्या फाइली सांभाळून ठेवणारी कंपनी होती. कुणी फाइल मागितली की सर्व्हरने कोणता आकडा परत पाठवायचा, ते बंड्या लिहायचा. दोनशे म्हणजे ही घ्या तुमची फाइल. चारशे तीन म्हणजे आहे, पण तुम्हाला मिळणार नाही. चारशे चार म्हणजे सापडत नाही, पत्ता चुकला असेल. आणि चारशे दहा म्हणजे होती, आता कायमची काढून टाकली. हा शेवटचा फारसा कुणी वापरत नाही. बंड्याला मात्र तो आवडायचा. सरळ तोंडावर सांगून मोकळा होतो.

दोन वर्षं न उघडलेली खाती कंपनीने पुसली, तेव्हा त्या फाइलींना त्याने चारशे दहा लावला. फाइली गेल्या तरी त्या होत्या एवढी नोंद मागे राहतेच. तक्रारींनी कहर केला. त्याच्या वरच्या मॅडमनी त्याला बोलावून घेतलं.

"काका, हे आपणच आपल्या तोंडाने कबूल करतोय."

"काढूनच टाकल्यात ना, मॅडम."

"चारशे चार करा. लोक आपापले पत्ते तपासत बसतील आणि कंटाळून गप्प होतील."

"पण त्यांना वाटेल की..."

"एक ओळ आहे, काका. तिच्यासाठी मीटिंग बोलवू का?"

एकच ओळ होती. जेवणाच्या सुट्टीआधी त्याने ती बदलली. तक्रारी खरंच आटल्या.

पुढे काही आठवड्यांनी ताई घरी आली, ती दारातूनच बोलत.

"बंड्या, ह्यांचा आवाज उघडत नाही रे."

भावोजींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज राहणार नव्हता, म्हणून ताईने त्याआधी तो फोनवर भरून ठेवला. पेपर वाचताना, कुरकुरताना, चहा मागताना, तिला हाक मारताना. "फोनचा काय भरवसा, ताई? आमच्याकडे ठेव, कुठे जात नाही," असं बंड्यानेच सांगितलं होतं. मग भावोजी गेले. ऐकायचा धीर तिला होईना. दोन वर्षं तिने ते खातं उघडलंच नाही.

"आता म्हटलं ऐकावं," ताई सांगत होती, "तर म्हणतं सापडत नाही, पत्ता तपासा. म्हटलं, माझंच चुकतंय. चष्म्याचा नंबर बदलून आणला. शेजारणीला टाइप करायला बसवलं. तुमच्या मदतवाल्यांना विचारलं, तर तेही म्हणतात पत्ता तपासा. तू बघ ना. तुझ्या हातातलं काम आहे. सगळं नको, नुसती हाक मारलेली एक मिळाली तरी चालेल."

बंड्याने ऑफिसचा लॅपटॉप घेतला, आपल्या कामाच्या, अजून लोकांपर्यंत न गेलेल्या प्रतीत ती ओळ पहिल्यासारखी केली, ताईची लिंक टाकली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

ताईने बोट ठेवून वाचलं. "ही फाइल होती. ती कायमची काढून टाकली आहे." मग विचारलं, "कुणी काढली?"

"आम्ही."

"मग मला सापडत नाही असं का म्हणालं?"

"तसं म्हणायला लावलं."

"कुणी?"

"वरून सांगितलं. ओळ मी लिहिली."

ताई पडद्याकडेच बघत राहिली. "मी रोज सकाळी बसत होते रे. आज लागेल, आज लागेल म्हणून."

नवा चष्मा काढून तिने डबीत घातला आणि पिशवी उचलली. चहाला थांबली नाही.

ती ओळ तशीच राहू दिली असती, तर सोमवारच्या बदलांबरोबर बाहेर गेली असती. ताईसारख्या कितीतरी जणांचं पत्ते तपासणं थांबलं असतं. मॅडम फार तर चार शब्द बोलल्या असत्या. बंड्याने बराच वेळ विचार केला आणि ती परत चारशे चार केली.

संध्याकाळी त्याने फोन लावला.

"पोचलीस का?"

"पोचले."

"ताई, मी..."

"हं."

पुढे काही नाही. फोन चालू होता, तिचा श्वास ऐकू येत होता. असल्या उत्तरालाही आकडा आहे, दोनशे चार. मागणी पोचली, सगळं ठीक आहे, द्यायला आत काही नाही. बंड्या तो रोज वापरायचा.