मध्यंतरातलं मत

कला माणसाचं मन मोठं करते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. नळदुर्गच्या शरणबसप्पांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. पिक्चर बघून त्यांचं मन एवढं मोठं व्हायचं, की थिएटरच्या दारातून बाहेर काढताना अडायचं. पार्किंगपर्यंत ते तसंच राहायचं. पार्किंगवाल्यानं वीस रुपये मागितले, की पुन्हा मूळच्या मापाला यायचं.

हायवेला त्यांचं पाईप-मोटारींचं दुकान होतं. दुकान चांगलं चालायचं, त्यामुळं मतं बाळगणं त्यांना परवडत होतं. अभिनय, संगीत असल्या गोष्टींत ते पडत नसत. पडद्यावरच्या माणसानं व्यवहार नीट केला का, एवढंच बघत. दरोड्याच्या एका पिक्चरमध्ये दरोडेखोर जाताना शटर उघडं टाकून गेले, म्हणून तो पिक्चर त्यांनी बाद ठरवला होता. दुसऱ्या एकात विहिरीतून पांढऱ्या साडीतली बाई वर यायची. सगळं थिएटर किंचाळलं, तेव्हा शरणबसप्पा शेजाऱ्याला म्हणाले होते, "एवढ्या खोल हिरीवर तीन एचपीची मोटार? पाणीच उचलायची न्हाय."

पिक्चरचं नाव त्यांच्या लक्षात राहत नसे. मत मात्र राहायचं, आणि ते भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी मेसेजनं जायचं. ग्रुपचं नाव 'बसव परिवार'. चाळीसएक माणसं. मेसेज कोण किती ऐकायचं देव जाणे, पण अंगठे सगळ्यांचे यायचे.

त्या रविवारी ते बायकोला, शिवगंगाला घेऊन सोलापूरला पिक्चरला गेले. दाढीवाल्या हिरोचा कौटुंबिक पिक्चर होता. पहिल्या अर्ध्यातच असं झालं, की बहिणीची ओटी भरताना भावानं नारळाखाली रानाचे कागद ठेवले. अर्धं रान. न मागता. बहिणीनं नारळ उचलला, खाली कागद बघितला आणि भावाच्या गळ्यात पडली. शरणबसप्पांनी आधी स्वतःचा रुमाल भिजवला, मग शिवगंगाचा पदर ओढून घेतला. तेवढ्यात मध्यंतर झालं.

पॉपकॉर्नच्या काउंटरशेजारी उभं राहून, नाक ओढत, त्यांनी मत नोंदवलं.

"काय पिक्चर हाय, काय पिक्चर हाय! भावानं बहिणीला अर्धं रान दिलं बगा, न मागता. ह्येला म्हणत्यात भाऊ! बहिणीचा वाटा खाणारा माणूस माणूसच न्हाय, मग तो कुणी का आसंना. समद्यांनी बगा. नुसतं बगू नका, तसं वागा!"

नंतर जळकोटच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. नवी मोटार पाणी उचलत नव्हती. दुसरा अर्धा शरणबसप्पांनी थिएटरच्या जिन्यात बसून 'फूट व्हॉल्व्ह बग, फूट व्हॉल्व्ह' असं सांगण्यात घालवला. शिवगंगा डोळे सुजवून बाहेर आली.

"अवो, शेवट न्हाय बघितला तुमी."

"अगं, अर्ध्यात पिक्चर कळतोय मला," शरणबसप्पा म्हणाले.

आता हे एवढ्यावर राहिलं असतं, तर गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण शरणबसप्पांना एक धाकटी बहीण होती. महानंदा. अक्कलकोटला दिलेली. आणि बापाचं एक रान होतं. सहा एकर. बाप गेला त्या वर्षी सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली. त्यानंतर महानंदाचं नाव सातबाऱ्यावर आणि पीक शरणबसप्पांच्या घरात, असं सुरळीत चाललं होतं. मग रानाला लागून नवा रस्ता आला. पेट्रोल पंपवाले आले, रस्त्याच्या दोन्ही बाजू फिरून बघितल्या, चहा पिऊन गेले. पंपाला जागा द्यायची तर सातबारा एकाच नावावर पाहिजे, असं शरणबसप्पांचं मत झालं. हे मत त्यांनी कुणाला विचारून बनवलं नव्हतं. मतं काय कुणाला विचारून बनवायची असतात?

त्यावर आपल्याकडे सोपा उपाय आहे. बहिणीला बोलावून घ्यायचं, गोड करून घालायचं, नोंदणी कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि अंगावर एक साडी टाकायची. बहीण सही करते. न करील तर माहेर तुटतं. शरणबसप्पांनी फोन केला तेव्हा महानंदा एवढंच म्हणाली होती, "बघू की अण्णा." बहिणीनं 'बघू की' म्हटलं की होकार समजायची रीत आहे. मंगळवारी तुळजापूरच्या नोंदणी कार्यालयात जायचं ठरलं. हिरवी इरकल साडी आणून कपाटात ठेवली.

सोमवारी सकाळी महानंदा एसटीनं आली. पिशवी ठेवली, पाय धुतले, दिवाणावर बसलेल्या शांताक्काच्या पाया पडली. शांताक्का म्हणजे दोघांची आत्या. वय ऐंशीच्या पुढं, कान तिला पाहिजे तेव्हा तिखट. शिवगंगानं चहा आणि शेंगाच्या पोळ्या आणल्या.

"अण्णा," महानंदा म्हणाली, "तुमचा मेसेज ऐकला म्या."

"कोणता?"

"पिक्चरचा."

"व्हय व्हय. लई भारी पिक्चर." शरणबसप्पांनी बशीत चहा ओतला.

"तीन बार ऐकला. ह्यांनीबी ऐकला. ह्यांच्या डोळ्याला पाणी आलं. म्हणाले, असा मेव्हणा नशिबानं मिळतो."

शरणबसप्पा जरा लाजले. भाऊजींनी आजवर त्यांना एवढं चांगलं कधी म्हटलं नव्हतं. "आता खरं त्ये बोलावं माणसानं," ते म्हणाले.

"तर मग उद्या सहीचं न्हाय न्हवं?"

"का? उद्याच हाय की."

"कशाची सही? तुमीच सांगितलं न्हवं, बहिणीचा वाटा खाणारा माणूस माणूसच न्हाय. समद्या भावकीत सांगितलं." महानंदानं पोळीचा तुकडा मोडला. "तीन एकर माझं. हिरीच्या अंगाचं दिलं तर बरं, पण तुमची मर्जी. म्या काय मागणार न्हाय. पिक्चरमधल्या बहिणीनं तरी कुठं मागितलं?"

बशीतला चहा बशीत राहिला. शरणबसप्पांना वाटलं, ही चेष्टा करते. मग वाटलं, ही चेष्टा करत नाही. दोन्हींच्या मध्ये त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं, ते शांताक्कानं बघितलं.

"शरण्या, माशी जाईल."

"अगं काय बोलूलालीस, महानंदा? त्यो पिक्चर हाय!"

"व्हय. पण बोललं कोण? पिक्चर बोलला का तुमी बोलले?" तिनं मोबाईल काढला आणि लावला. घरभर शरणबसप्पांचा रडवेला आवाज घुमला. "नुसतं बगू नका, तसं वागा!"

स्वतःचा आवाज एवढा घातक असतो, हे शरणबसप्पांना पहिल्यांदाच कळलं. ते उठून तडक बाथरूममध्ये गेले. कडी लावली. ग्रुप उघडला, मेसेज शोधला आणि डिलीट केला. मोबाईलनं विचारलं होतं, की सगळ्यांसाठी काढू का फक्त तुमच्यापुरता. घाईत त्यांनी स्वतःपुरता काढला. आता भावकीत तो मेसेज ऐकू न शकणारा एकच माणूस उरला, आणि तो बाथरूममध्ये होता.

बाहेर आले तर शांताक्का बोलत होती. "मला तुझ्या बापानं निळं लुगडं दिलतं. दुसऱ्या वर्षी विरलं. रान हाय आजून तिथंच."

शरणबसप्पा स्वयंपाकघरात शिरले. "ऐकलंस का? माझ्या पायाखालची जमीन सरकली!"

"सगळी कुठं? अर्धीच," शिवगंगा भाकरी थापत म्हणाली. नवऱ्याचा चेहरा बघून तिला दया आली असावी. तिनं हात पुसले. "शेवट बघितला आसता तर बरं झालं आसतं. त्यात ती बहीण कागद फाडती."

"आं?"

"भाऊ अडचणीत येतो. मग ती येती, ओटीतलं कागद काढती, फाडती आन म्हणती, मला रान नको, माझा भाऊ पायजे. समदं थिटर रडलं."

शरणबसप्पांचा जीव भांड्यात पडला. केवढा थोर पिक्चर! शेवट न बघता त्याला आपण थोर म्हणालो, म्हणजे आपली नजर किती पुढची! ते बैठकीत परत आले ते हसत.

"महानंदा, तू पिक्चर बघितलाय का पण?"

"न्हाय. नुसता ऐकला, तुमच्या तोंडून."

"मग आजच जाऊ! दुपारचा शो हाय. बघ, मग बोलू. अर्ध्यावर मत देऊ नये माणसानं."

"मलाबी न्या," शांताक्का म्हणाली. तिनं शेवटचा पिक्चर जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. "तवा माणसं आडवी पडून बघायची."

तर चौघंजण सोलापूरला गेले. सोमवारची दुपार, थिएटरात मोजून पंधरा माणसं. शरणबसप्पांनी महानंदाला मधली खुर्ची दिली, मोठा पॉपकॉर्न दिला, थंड दिलं. पहिल्या अर्ध्यात नारळाखालून कागद निघाला तेव्हा मात्र त्यांनी नजर चपलेकडं ठेवली. काल जिथं पदर भिजवला होता, तिथं आज त्यांना घाम फुटला. भावाचा व्यवहार अगदीच कच्चा वाटला. निदान वकिलाला तरी विचारायचं.

मध्यंतरात ते जागचे हलले नाहीत. फोन सायलेंट करून ठेवला.

शेवट आला. बहीण धावत आली, ओटीतून कागद काढले आणि फाडले. टराटरा. शरणबसप्पांनी टाळी वाजवली. पंधरा माणसांत ती लई मोठी वाजली. डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. काय सुंदर संस्कार! तिरक्या नजरेनं त्यांनी बघितलं. महानंदा पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. शरणबसप्पांना हिरवी इरकल डोळ्यांपुढं दिसली. साडीवर पाचशे रुपये ठेवावेत, असंही त्यांना वाटून गेलं. हजारसुद्धा.

बाहेर गाडीजवळ आल्यावर त्यांनी गळा साफ केला.

"कसा वाटला?"

"लई चांगला," महानंदा डोळे पुसत म्हणाली. "लई रडू आलं बाई."

"न्हवं का! आन शेवट?"

"शेवट न्हाय पटला."

शरणबसप्पांचा हात गाडीच्या दारावरच राहिला. "काय न्हाय पटलं?"

"कागद फाडून रान कसं परत जाईल, अण्णा? सातबारा तर मोबाईलवर दिसतोय आजकाल. तुमीच न्हवं का दरोड्याच्या पिक्चरला म्हणालते, शटर उघडं टाकून कोण जातंय म्हणून? तसंच हे. आन अशी बहीण कुठं आसती का? पिक्चरवाल्यांनी कधी बहीण बघितलीच न्हाय वाटतं."

"अगं पण तू रडलीस की!"

"रडायला काय झालं? शेवट चुकीचा आसला म्हणून रडू नये का?"

शरणबसप्पा शांताक्काकडं वळले. म्हातारं माणूस, रीत जाणणारं. शांताक्का सीटवर टेकत म्हणाली, "भाऊ बरा दाखवलाय. बहीण येडी दाखवली. माझ्यासारखी."

पार्किंगवाला आला. वीस रुपये म्हणाला. शरणबसप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तोच दचकला. मग पन्नासची नोट दिली आणि उरलेले मागायचे राहून गेले. शिवगंगा सांगते, आजवरच्या संसारात असं पहिल्यांदा घडलं.

परतीच्या रस्त्याला, तांदूळवाडीच्या पुढं मागच्या सीटवर महानंदानं मोबाईल तोंडाशी धरला. ती ग्रुपवर रोज सकाळी महादेवाचा फोटो टाकायची. बोलली कधीच नव्हती.

"अण्णांनी सांगितलेला पिक्चर बघितला. लई चांगला हाय. समद्यांनी बगा. मध्यंतरापतूर बघितला तरी चालतंय."

गाडी नळदुर्गात शिरेपर्यंत अंगठे येत होते. शरणबसप्पांच्या खिशात प्रत्येक अंगठ्याला एकदा थरथर व्हायची. भावकीतल्या ज्या बायकांनी आजवर ग्रुपवर चकार शब्द काढला नव्हता, त्यांनी त्या संध्याकाळी पिक्चर कुठं लागलाय म्हणून विचारलं. भावकीतल्या पुरुषांनी ग्रुपवर काही विचारलं नाही. त्यांनी थेट शरणबसप्पांना फोन केले. त्यांची भाषा इथं देण्यासारखी नाही.

मंगळवारी तुळजापूरला कुणी गेलं नाही. जेवणं झाल्यावर महानंदा निघाली. शिवगंगानं कपाटातून हिरवी साडी काढली आणि नणंदेपुढं धरली.   महानंदानं साडी घेतली आणि शांताक्काच्या मांडीवर ठेवली.

"तुमचं विरलं न्हवं का?"

शांताक्कानं काठ चाचपला. "ही टिकंल," ती म्हणाली.

"येते अण्णा. मोजणीला बोलवा, ह्यांना घेऊन येते," महानंदा उंबऱ्यातून म्हणाली. "आन दिवाळीलाबी येणार हाय. शेंगाच्या पोळ्या करून ठिवा."

ती गेल्यावर शरणबसप्पांनी पंपवाल्यांना फोन लावला. सातबारा एका नावावर होत नाही, बहीण ऐकत नाही, थोडी मुदत द्या, असं सांगायचं ठरवून. पलीकडचा माणूस म्हणाला, जागा मागच्या आठवड्यातच ठरली, रस्त्याच्या पलीकडची. एका नावाची अट कुणी सांगितली तुम्हाला?

पलीकडच्या रानाच्या सातबाऱ्यावर अकरा नावं होती. त्यांतली चार बहिणींची.