उजवा कान

फर्मिनचा पाय गेला तो त्याच्याच घाईने, असं डोंगरातलं अख्खं बुगियास गाव म्हणत होतं, आणि फर्मिन स्वतःही तेच म्हणत होता. डेल्फिनचं मन खात होतं ते त्यामुळेच. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि संन्याशाने दोर आपणहून गळ्यात घातला होता.

मालकीणबाई सेल्याला सगळे मनांग, म्हणजे ताई, म्हणत; तिचा ट्रक जपानने वापरून टाकलेला. हँडब्रेक कधीचाच मेलेला. चढावर थांबायचं तर एकच रीत: ड्रायव्हर डेल्फिनने ब्रेक दाबून धरायचा, हेल्पर फर्मिनने उतरून दरीकडच्या मागल्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा आणि "हो!" म्हणून ओरडायचं. मगच पाय काढायचा. दोघांनी वर्षानुवर्षं कोबी-गाजरं अशीच ला त्रिनिदादच्या बाजारात पोचवली.

पण इंजिन डाव्या सीटवर बसणाऱ्या डेल्फिनच्या उजव्या मांडीला लागून धडधडे. त्या कानाला आधी पक्षी ऐकू येईनासे झाले, मग बायको, मग फर्मिनचा "हो". डेल्फिनने ब्र काढला नाही. बहिरा ड्रायव्हर कोण ठेवतो? तो अंदाजाने पाय काढू लागला, आणि अंदाज रोज बरोबर येई. त्या दिवशी ओल्या रस्त्यावर ठोकळा सटकला. फर्मिन "थांब, थांब" ओरडत होता, आणि डेल्फिनने ब्रेकवरचा पाय काढला; चाक फर्मिनच्या पायावरून गेलं.

घाबरून तिथेच राहिलेला फर्मिनचा जीव परत बोलवायला गावच्या म्हाताऱ्यांनी अपघाताच्या वळणावर रीतीप्रमाणे कोंबडी कापली. तेव्हाही म्हाताऱ्यांसमोर फर्मिन म्हणाला, "'हो' मीच लवकर म्हणालो."

डेल्फिनने त्याला बाजूला गाठलं. "मनोंग, दादा, खोटं का बोललास?"

"तुझी पोरं शिकतायत. आणि खरं बोलून माझा पाय काय पुन्हा उगवणार आहे का, गाढवा?"

मनांग सेल्याने मात्र निष्काळजी माणूस नको म्हणून फर्मिनला कामावरून काढलं. ते कळलं तसा डेल्फिन तडक तिच्याकडे गेला. ती गाजरं निवडत होती.

"मनांग, चूक माझी. उजव्या कानाने मला ऐकूच येत नाही. मनोंग फर्मिनला बसून करायचं काही काम द्या. मला काढा."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"तुझा कान. तुझ्याआधी तोमास होता, त्याचाही हाच गेला. अरे आदिंग, धाकट्या भावा, ज्याला या ट्रकचा खडखडाट ऐकू येतो तो आठवड्यात नवा ट्रक मागतो. तू कधी मागितलास?"

तिने एक सडकं गाजर बाजूला टाकलं.

"चूक फर्मिनचीच राहू दे," ती म्हणाली. "तुझी म्हटलं तर पोलीस ट्रक तपासून जप्तच करतील. मग तूही उपाशी, मीही उपाशी. त्याच्याकडे तांदळाचं पोतं पाठवते मी." तिने किल्ली टेबलावर सरकवली. "कोबी भरलाय. नवा हेल्पर वाट बघतोय."

डेल्फिन शिव्या खायला आला होता. हाकलून दिलं असतं तर त्याने सुटकेचा निःश्वास टाकला असता, असं त्याला येताना सारखं वाटत होतं. पण नोकरी राहिली हे कळताच छाती हलकी झाली, आणि ती हलकी झाली याची त्याला इतकी शरम वाटली की मान वर करवेना. इतके दिवस तो कानाला दोष देत आला होता. आता तर सगळं नीट ऐकू आलं होतं.

त्याने किल्ली उचलली.